टाळ्यांची फीत

डब्यावर माईंचं नाव होतं. फीत यंत्रावर चढवली, कळ दाबली, आणि माईंच्या आवाजाऐवजी टाळ्या वाजू लागल्या. भरल्या नाट्यगृहाच्या टाळ्या. त्या थांबेचनात.

एवढं सांगून मुलाखतकार बाई कपातल्या चहाकडे बघत राहिल्या.

दाजी दाराशी उभे होते ते उभेच राहिले. बाईंचा हा आवाज ते दर शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर ऐकत आले होते. कधी लेखक, कधी नट, कधी नाटकाचे पडदे रंगवणारा. बाई हलकेच एक प्रश्न पुढे ठेवायच्या आणि समोरचा माणूस कळी उमलावी तसा बोलता व्हायचा. त्या आवाजाला चेहरा असेल, पायांत चपला असतील, चपलांना चिखल लागला असेल, हे दाजींच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"दाजी, बसा की आता," शोधबाई म्हणाल्या. "रेडिओसमोर उभं राहायचा नियम नाही."

शोधबाई ही दाजींची मेहुणी. हरवलेलं शोधून देणं हा तिचा धंदा. माणूस असो, वस्तू असो, नाहीतर खरी गोष्ट असो. दाजी चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाल्यावर ते घरात बायकोच्या पायांत पायांत येऊ लागले, तेव्हा तिनंच त्यांना धाकट्या बहिणीच्या हवाली केलं होतं. दाजींना दिसायचं सगळं, पण समजायचं सावकाश. आभाळात वीज चमकावी आणि गडगडाट मागाहून यावा, तसं.

बाईंनी मग नीट सांगितलं. माई म्हणजे रंगभूमीवरचं केवढं मोठं नाव. पण त्यांनी आजवर कुणाला मुलाखत दिली नव्हती. पूर्वी कधीतरी विंगेत भेटल्या तेव्हा बाईंना म्हणाल्या होत्या, काम संपलं की तुझ्याकडेच बोलेन. तो शब्द त्यांनी या आठवड्यात पाळला. लेकीचा हात धरून स्टुडिओत आल्या, बोलल्या आणि गेल्या. उद्या संध्याकाळी ती मुलाखत ऐकवायची होती.

"पुन्हा घेता येणार नाही?"

"लेक म्हणते, आईला दगदग सोसत नाही. आणि तसं पुन्हा होणारही नाही." बाईंचा आवाज खाली आला. "उद्या संध्याकाळपर्यंत फीत सापडली नाही, तर आमच्या ध्वनिमुद्रकाला घरी बसवणार आहेत. खोली त्याची, कपाट त्याचं, म्हणून चोरही तोच. मी त्याच्यासोबत उभं आयुष्य काढलंय. तो माणसांवर खेकसतो, पण फितीला असा हात लावतो की जणू झोपलेलं मूल उचलतोय. त्याला वाचवा."

"माई काय बोलल्या?" शोधबाईंनी विचारलं.

बाईंनी डोळे मिटले. लहानपण कसं गेलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा माई म्हणाल्या होत्या, 'आगगाडी जाते, रूळ राहतात. मी रुळांजवळ वाढले. गाडी आली की घर हलायचं. तेव्हा आम्ही घराला धरायचो नाही, एकमेकांना धरायचो.' रंगभूमीनं काय दिलं, काय नेलं, असं विचारल्यावर म्हणाल्या, 'थंडी मला नाही वाजत, माझ्या सावलीला वाजते. तिच्यावर पांघरूण घाल. आयुष्यभर लोकांसमोर तीच उभी होती.' आणि निवर्तलेल्या यजमानांविषयी विचारलं तेव्हा म्हणाल्या, 'तो गेलेला नाही. पलीकडच्या खोलीत अंधाराशी बोलत बसलाय. त्याचं बोलणं संपलं, की माझ्याशी भांडायला परत येईल.'

दाजींच्या अंगावर काटा आला होता. माणूस सहज बोलता बोलता असं बोलतो? त्यांनी साठी ओलांडली होती, पण असं एक वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

रेडिओ केंद्रातला स्टुडिओ म्हणजे जाड दाराची, भिंतींना गादी लावलेली खोली. दार लागलं, आणि दाजींना स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येऊ लागलं. ते खाकरले. खाकरणं भिंतीनं पिऊन टाकलं.

"बाहेर तोफ उडाली तरी आत कळत नाही," ध्वनिमुद्रक म्हणाला. रुंद हातांचा, बारीक डोळ्यांचा, जगावर कायमचा रुसलेला गृहस्थ. नोकरी जाण्याविषयी त्यानं चकार शब्द काढला नाही. त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. "मुलाखत सोन्यासारखी झाली हो. पण ती लेक! आईला सोडून बाहेर बसणार नाही म्हणाली, म्हणून आत बसू दिलं. तर बाईंनी प्रश्न विचारला रे विचारला, की ही मध्येच तोंड घालणार."

"काय म्हणायची?"

"काहीबाही. 'दिवा लावू का?' स्टुडिओत दिवा! इथं डोळे दिपतात एवढा उजेड. मग म्हणे, 'आगगाडी गेली वाटतं.' या भिंतींतून? मग शाल काय, पाणी काय. माई बिचाऱ्या तिच्याकडे बघायच्या, आणि मग बोलायला लागायच्या. मी जाताना तिला सांगितलं, बाई, तुमचं एकही वाक्य ठेवणार नाही. बसून एकेक कापून काढतो. लोकांना माई ऐकायच्यात."

"त्यावर ती काय म्हणाली?"

"काही नाही. फीत किती दिवस ठेवता, एवढंच विचारलं. म्हटलं, ही कायमची राहणार. आपण सगळे गेलो तरी राहणार."

शेजारची त्याची खोली लहान होती. कपाट दिवसभर उघडंच असायचं. टेबलावर श्रुतिकांना लागणाऱ्या आवाजांच्या फितींचे डबे पडलेले, प्रत्येकावर ठसठशीत अक्षरं: पाऊस, समुद्र, घोड्यांच्या टापा, नुसती कोरी. टाळ्यांचा डबा रिकामा होता. कपाटाला खेटून चपट्या पेटीसारखं एक यंत्र होतं. त्यावर 'फीत पुसण्यासाठी' असंच लिहिलेलं. दाजींनी विचारलं तेव्हा ध्वनिमुद्रकानं सांगितलं की फीत त्यावर ठेवून कळ फिरवली, की डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं साफ.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी या खोलीत दोघंच परके येऊन बसले होते. सकाळी माईंची लेक आली, आईचा चष्मा स्टुडिओत राहिलाय म्हणून. ध्वनिमुद्रकानं सगळा स्टुडिओ पालथा घातला. चष्मा मिळाला नाही. तोवर ती इथेच थांबली होती. दुपारी नाटककार आले, स्वतःच्या मुलाखतीसाठी. तेही इथेच वाट बघत बसले होते.

नाटककार आणि माई यांचं हाडवैर सगळ्यांना माहीत होतं. माईंनी त्यांचं नाटक ऐन भरात सोडलं होतं. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"झालं," बाहेर पडताना दाजी म्हणाले. "माई आपल्याविषयी काय बोलल्या असतील, या धास्तीनं म्हाताऱ्यानं फीत लांबवली."

"असेल. पण दाजी, एक सांगा. तुम्ही मुलांना खुर्ची काढायला कसं शिकवायचात?"

"खुर्ची काढू नका म्हणायचो. दोन पायांमधली जागा काढा. जागा जमली की खुर्ची आपसूक उमटते."

"हं," शोधबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माईंच्या घराची वाट धरली.

माईंचं घर एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. दार लेकीनं उघडलं. पन्नाशीची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. खिडकीपाशी तिचं छोटं टेबल होतं, आणि त्याच्या उघड्या खणात चष्मेच चष्मे: काड्या मोडलेले, भिंगं नसलेले, आणि एका बाजूला मऊ कापडावर ओळीनं मांडलेले आईचे, घासून लख्ख केलेले.

माई खुर्चीत बसल्या होत्या. दाजींनी त्यांना रंगमंचावर पाहिलं होतं, शेवटच्या रांगेतून, मान उंच करून. आता त्या हातभर अंतरावर होत्या. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं बारीक जाळं, आणि त्यात ते डोळे. दाजींनी वाकून नमस्कार केला. माई गोड हसल्या.

शोधबाईंच्या प्रश्नांना लेकच उत्तरं देत होती. हो, चष्मा शोधायला गेले होते. नाही, मिळाला नाही. फितीचं ऐकून वाईट वाटलं. पण गेली ती गेली. आता आईला कुणी त्रास देऊ नये. हे बोलताना तिचे हात एकमेकांना धरून बसले होते.

"तुम्ही नाटकात नाही उतरलात?" शोधबाईंनी विचारलं.

ती पहिल्यांदाच हसली. "उतरले की. स्वयंपाकघरात. आईचं पाठांतर मी घ्यायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती तिच्या नाटकांच्या वह्यांवर. समोरच्याचं वाक्य मी म्हणायचं, पुढचं तिनं. राजा मी, खलनायक मी, सासरा मी. तिची झाडून सगळी नाटकं मी पळीनं आमटी ढवळत केलीत."

बोलणं तिथेच संपलं. दाजींना वाटलं, आपणही काहीतरी बोलायला हवं. नुसतं येऊन ठोंब्यासारखं बसून जाणं बरं दिसत नाही. ते उठले, आणि माईंकडे बघून अदबीनं म्हणाले, "बराच उशीर झाला. निघायला हवं."

माईंची मान वर झाली. पाठ ताठ झाली. खुर्चीतल्या म्हातारीच्या जागी दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

"निघा," त्या म्हणाल्या. तो आवाज! घागर भरताना पाण्याचा सूर जसा चढत जातो, तसा तो खोलीत चढत गेला. "जाणाऱ्याला मी दार उघडून देते. ते लावून घेणं मला कधी जमलं नाही. वाट माझ्या घरातूनच सुरू होते, आणि फिरून फिरून माझ्याच घरात येऊन दमते."

दाजींना पुढे पाऊल टाकता येईना. डोळ्यांत पाणी कधी आलं तेही त्यांना कळलं नाही. आपण कोण कुठले, आणि या बाईनं आपल्याला निरोप द्यावा तो असा?

लेकीचा धक्का लागून टेबलावरचं भिंग खाली पडलं आणि फुटलं. "आईला पाहुणे फार आवडतात," ती घाईघाईनं म्हणाली, आणि काचा गोळा करायला बसली.

जिन्यात दाजी एकेक पायरी सांभाळून उतरत होते. कुणीतरी हातात काठोकाठ भरलेलं भांडं दिलंय, असं त्यांना वाटत होतं. "माझ्यावर लोभ जडला वाटतं माईंचा," ते लाजत म्हणाले.

"ताईला सांगू का?" शोधबाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा हसत नव्हता.

नाटककार पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसले होते. आवाज खणखणीत, जीभ त्याहून. फीत चोरीला गेल्याचं त्यांना माहीत होतं. "मला कशाला हवी? तिचा आवाज मी फुकट ऐकलाय, आणि भरपूर ऐकलाय. निम्म्याहून जास्त शिव्याच."

शोधबाईंनी माईंच्या लहानपणाचं विचारलं. रुळांजवळच्या घराचं.

"रूळ? कुठले रूळ? डोंगरातल्या गावची पोर ती. बाप शिंपी. शहरात आली त्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी पाहिली, आणि घाबरून माझ्या बाहीला लोंबकळली. तिची ट्रंक मीच उचलली होती."

"माई यजमानांविषयी फार सुंदर बोलल्या म्हणे," शोधबाई म्हणाल्या. "म्हणाल्या, तो गेलेला नाही. पलीकडच्या खोलीत अंधाराशी बोलत बसलाय. त्याचं बोलणं संपलं, की..."

त्या मुद्दामच थांबल्या. नाटककार खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे ओठ आपोआप हलले.

"की माझ्याशी भांडायला परत येईल."

दाजी खुर्चीतून अर्धे उठले. मुलाखत अजून कुणी ऐकली नव्हती. हे शेवटचे शब्द शोधबाईंनी उच्चारलेही नव्हते.

नाटककारांनी सावकाश मान वळवली. "हे ती म्हणाली? मुलाखतीत?"

"हो."

"आणि ते पांघरुणाचं सांगतात ते..." दाजी मध्येच म्हणाले, आणि सावलीला थंडी वाजते ते सगळं वाक्य त्यांनी म्हणून दाखवलं.

म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घालून ऐकलं. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं म्हणाले, पण कुठं ते सांगता येईना. मग पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. "तुम्ही आता जा," ते म्हणाले. आवाजातला खणखणाट पार गेला होता.

रस्त्यावर येताच दाजींनी मेहुणीचा हात धरला. "पकडला. फीत ऐकल्याशिवाय ते वाक्य त्याला कसं ठाऊक असेल?"

"तुमचं म्हणणं रास्त आहे. फक्त एकच अडचण आहे."

"कोणती?"

"त्यांचे डोळे. चोर सापडला की घाबरतो, दाजी. ते घाबरले नव्हते. कुणीतरी देवळाचं दार उघडून दाखवावं, तसे बघत होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत चौघं बसली: मुलाखतकार बाई, ध्वनिमुद्रक, दाजी आणि शोधबाई. माईंच्या लेकीलाही बोलावलं होतं. तिच्या आईपाशी दाजींची बायको जाऊन बसली होती. लेक शेवटी आली, दाराजवळच्या खुर्चीत टेकली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

शोधबाईंनी तिच्याकडेच पाहिलं. "मला कळलंय. पण ते माझ्या तोंडून निघायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. तुम्ही नको म्हणालात, तर मी आत्ता उठून जाते. यांची नोकरी मात्र जाईल."

"कुणाची?"

"माझी," ध्वनिमुद्रक जमिनीकडे बघत म्हणाला. "फीत माझ्या ताब्यात होती ना."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. हे तिला माहीत नव्हतं. तिनं पर्स उघडली आणि आतून मऊ कापडात गुंडाळलेली फीत काढली. आईचे चष्मे ती ज्या कापडावर ठेवायची, तसलंच कापड. तिनं फीत ध्वनिमुद्रकाच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.

"सांगा," ती म्हणाली. "मला बोलता यायचं नाही."

दाजींनी आ वासला होता, तो त्यांना मिटावा लागला.

"फीत ज्याला नकोशी होती, त्याला ती चोरायची गरजच नव्हती," शोधबाईंनी सुरुवात केली. "कपाटाला खेटून पुसायचं यंत्र आहे. काय आहे ते त्यावर लिहिलेलंय. कळ फिरवली की संपलं. पण चोराला तो आवाज पुसवला नाही. बरं, डब्यात दुसरी फीत ठेवायची, तर टेबलावर पाऊस होता, समुद्र होता, कोरी फीतही होती. चोरानं उचलल्या टाळ्या. म्हणजे ज्या जागेवरून माईंचा आवाज उचलला, तिथे टाळ्या वाहून तो गेला. वैऱ्याला हे सुचत नाही, आणि भित्र्या नोकरालाही नाही."

"मग चष्मा. घरात माईंचे चष्मे ओळीनं मांडलेले, लेक स्वतः चष्मे करणारी. एका चष्म्यासाठी ती शहर ओलांडून कशाला येईल? ती या खोलीत एकटी बसायला आली होती. कुणी घेतली, हे मला कालच कळलं होतं. का घेतली, ते कळेना. ते दाजींनी सांगितलं."

"मी?" दाजी म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, उशीर झाला, निघायला हवं. आणि माईंनी तुम्हाला जन्मभराचा निरोप दिला. दाजी, तो तुम्हाला नव्हता. कुठल्या तरी नाटकात कुणीतरी हेच वाक्य म्हणतं, आणि त्यावर माईंचं भाषण आहे. तुम्ही नकळत समोरच्या नटाचं वाक्य म्हणालात. त्यांचं पुढचं वाक्य आपोआप आलं."

दाजींच्या हातातलं ते काठोकाठ भरलेलं भांडं एकदा हिंदकळलं. पण सांडलं नाही. उलट ते आणखी जड झालं.

"माई शिंप्याच्या घरी डोंगरात वाढल्या. मुलाखतीत मात्र रुळांजवळ वाढल्या. नाटककारांनी एक वाक्य पुरं केलं, कारण ते त्यांनीच कधीकाळी लिहिलं होतं. सावलीचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही, कारण ते दुसऱ्या कुणाच्या नाटकातलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मुलाखतीतलं एकही उत्तर माईंच्या आयुष्यातलं नाही. सगळी त्यांच्या भूमिकांची आहेत. माईंना स्वतःचं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच. आणि तेही कुणी आधीचं वाक्य दिलं तरच."

मुलाखतकार बाई थिजून बसल्या होत्या. "पण मी तर कुठलं वाक्य दिलं नाही. मी माझेच प्रश्न विचारले."

"दाजींनी मला सांगितलं होतं, खुर्ची काढू नका, मधली जागा काढा. तुमचा प्रश्न आणि माईंचं उत्तर, यांच्या मधली जागा बघा. तिथे काय होतं?" शोधबाई ध्वनिमुद्रकाकडे वळल्या. "तुम्ही जे कापणार होतात ते."

त्याचे बारीक डोळे हळूहळू मोठे झाले. "आगगाडी गेली वाटतं," तो पुटपुटला. "दिवा लावू का. शाल घे, गार आहे."

"बाई प्रश्न विचारायच्या. त्या क्षणी ही मुलगी आईच्या सगळ्या नाटकांमधून धावत जायची. या प्रश्नाला शोभेल असं आईचं वाक्य कुठे आहे, ते शोधायची. मग त्याच्या आधीचं वाक्य आठवायची, आणि सहज बोलल्यासारखं आईच्या हाती द्यायची. श्वास घेऊन सोडावा, तेवढ्यात हे सगळं. आणि मुलाखतभर. अशी जुळणी मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही."

स्टुडिओतली शांतता इतकी दाट झाली, की दाजींना पुन्हा कानातलं रक्त ऐकू आलं. लहानशी मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर आली, हातात पळी, तोंडात राजाचं वाक्य. मग तीच, या गादीच्या भिंतींमध्ये, उघड्या डोळ्यांनी आईसाठी अंधारातून एकेक दिवा उचलून आणणारी.

"आईनं बाईंना शब्द दिला होता," लेक अखेर बोलली. "शब्द दिलाय हे ती विसरली. मी कशी विसरू? वाटलं, एकदा हवेवर जाईल आणि विरून जाईल. एकदा ऐकलं की आई बोलतेय असंच वाटतं. पण हे म्हणाले, बसून एकेक वाक्य कापणार, आणि फीत कायमची राहणार. पुन्हा पुन्हा ऐकलं की कुणालाही कळेल. मग लोक म्हणतील, माईंचं डोकं गेलं. जिच्यासाठी लोक उभे राहायचे, तिची कीव करतील." ती थांबली. "पुसायला गेले होते मी. यंत्रावर ठेवलीही होती."

ध्वनिमुद्रकानं घसा खाकरला. "मी कापणार नाही," तो म्हणाला. "एक शब्द कापणार नाही. आणि फीत माझ्याकडूनच चुकून दुसऱ्या डब्यात गेली होती, असं मी वरती सांगेन. खेकसतील. खेकसू देत."

"पण लोकांना कळलं तर?"

"एकाला काल कळलं," शोधबाई म्हणाल्या. "तुमच्या आईच्या सगळ्यात मोठ्या वैऱ्याला. त्याला गावभर करता आलं असतं. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि आम्हाला घालवून दिलं. ज्यांना ती वाक्यं पाठ आहेत, ते सगळे असेच आहेत. ते ओळखतील, आणि गप्प बसतील. बाकीच्यांना फक्त माई ऐकू येतील."

मुलाखतकार बाई उठल्या आणि लेकीच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांना तिचा हात धरायचा होता, पण धाडस होत नसावं. "आज संध्याकाळी मी सुरुवातीला नाव घेते ना, तेव्हा दोघींचं घेणार आहे," त्या म्हणाल्या. "तू नाही म्हणालीस तर नाही."

लेक बराच वेळ पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग मान हलवली. ती मान होकाराचीच होती.

संध्याकाळी सगळे माईंच्या घरी जमले. दाजींच्या बायकोनं, ताईंनी, चहा केला होता. येऊन दोन तास झाले नाहीत, तोवर त्यांना घरातलं साखरेचं भांडंसुद्धा ठाऊक झालं होतं. रेडिओ खिडकीपाशी होता, चष्म्यांच्या टेबलावर.

बाईंचा आवाज आला. त्यांनी दोन नावं घेतली. मग पहिला प्रश्न. मग एक हलकंसं, घरगुती वाक्य, की आगगाडी गेली वाटतं. आणि मग माई.

दाजींनी श्वास रोखला. आता सगळं माहीत होतं, कुठला धागा कुठून येतो ते दिसत होतं, तरी अंगावर तसाच काटा उभा राहिला. जादू कशी झाली ते कळल्यावर जादू संपते, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

माई पुढे झुकून ऐकत होत्या. एक हात कानामागे. रेडिओतली बाई सावलीला पांघरूण घाल म्हणाली, तेव्हा त्यांनी मान डोलावली, एका नटीनं दुसरीला द्यावी तशी दाद.

"कोण गं ही?" त्यांनी लेकीला विचारलं. "छान बोलते."

"मोठी नटी आहे, आई."

"असणारच." माई पुन्हा ऐकू लागल्या. दिवा लावू का, असा आवाज आला, तसं त्यांनी बोट वर केलं, सगळ्यांना गप्प करत. "आणि ती दुसरी? मध्येच हळूच बोलते ती?"

लेकीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिच्याकडे लक्ष द्या," माई खोलीतल्या सगळ्यांना म्हणाल्या. "ती आहे म्हणून पहिली उभी आहे."

मग त्या टाळ्या वाजवू लागल्या. एकट्याच, हळूहळू, रेडिओकडे बघत.